पोटाशी बोलताना

पाळण्याभोवती बायका जमल्या की पहिला प्रश्न ठरलेला. बाळ कुणावर गेलंय? नाक आत्याचं, जिवणी बाबांची, कपाळ थेट आजोबांचं. त्यात प्रेमच असतं. पण आपल्या हडपसरमध्येही आता वंध्यत्वावरच्या उपचारांच्या पाट्या जागोजागी दिसतात. तिथे जाणाऱ्या काही जणींना दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजातून बाळ झालेलं असतं. बऱ्याचदा ते नवराबायकोलाच माहीत असतं. अशी आई त्या प्रश्नावर हसते आणि नीट बसलेलं टोपडं उगाच पुन्हा नीट करते. रात्री दूध पाजताना मनात येतं, हे माझं कितपत?

पुष्कळ आहे गं बाई. बीज देणारीची जनुकं बाळात येतात, हे खरं. पण डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढ्या गर्भाचं अडीच-तीन किलोंचं बाळ होतं, ते तुझ्या रक्तावर. त्याची हाडं तुझ्या अंगातल्या कॅल्शियमची. शेवटच्या तीन महिन्यांत तुझ्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून त्याच्याकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याला सांभाळतात. तू लहानपणी सोसलेला गोवरसुद्धा असा त्याच्या कामी येतो. २०१५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गर्भाशयाच्या अस्तरातून झिरपणारे सूक्ष्म रेणू गर्भ आत घेतो आणि त्याची कुठली जनुकं किती काम करणार यावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. बंदिश दुसरीची, पण गळा तुझा. शिवाय बाळही आईला काही देऊन जातं. त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपणाला २७ वर्षं झालेल्या आईच्या रक्तातही त्या सापडल्या आहेत!

मुंबईच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून भारतातलं असं पहिलं बाळ २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मलं, म्हणजे ही वाट काही कालची नाही. २०२१ च्या कायद्यानेही असं मूल त्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं आहे. बीज देणारीला आयुष्यात एकदाच ते देता येतं आणि मुलावर तिचा हक्क राहत नाही. तिचं ऋण मात्र मनात असावं. आणि बाळ बघायला जाणाऱ्या आपण सगळ्यांनी नाकडोळ्यांचा ताळा जरा बाजूला ठेवावा. त्याऐवजी आईला विचारावं, झोप होते का? जेवलीस का वेळेवर?

जिचे दिवस अजून भरायचे आहेत, तिने आज पाच मिनिटं पोटाशी बोलावं. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला ऐकू यायला लागतं. बाहेरचे आवाज त्याच्यापर्यंत दबून पोचतात, आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच जातो. जेमतेम तीन दिवसांची बाळंही परक्या बाईपेक्षा आईच्या आवाजाकडे ओढ घेतात, हे १९८० साली प्रयोगातून दिसलं. ही ओळख नऊ महिन्यांतली असते, बीज कुणाचंही असो. त्यासाठी काही खास वाचायला नको. डबा भरता भरता बोल. आज मेथी केलीय म्हणावं, गाडीतळावर गर्दी असणार, आपण जरा लवकर निघू. काहीच सुचलं नाही, तर गॅसवर काय ठेवलंय तेवढं सांग.