पाचवं कारण

फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या मशीनवर काम करणारा पोरगा शॉक लागून गेला, की दहाव्याला जमलेली माणसं एकच बोलतात: त्याची वेळ भरली होती, लाईटचं निमित्त झालं. हे बोलणं निष्ठुरपणाचं नसतं. पोरगा गेलेल्या आईबापांना त्या दिवशी दुसरं सांगण्यासारखं कुणाकडे काही नसतं. पण दुःखात उच्चारलेलं हे वाक्य पुढे सिद्धान्त बनतं, आणि महिनाभरात तीच वायर, जिथे तुटली होती तिथे जोड मारून, पुन्हा भुशात पसरलेली दिसते. म्हणून विचारावंच लागतं की सगळं दैवावर टाकणं धर्माला धरून आहे का. माझ्या मते नाही, आणि हे म्हणायला धर्माच्या बाहेर जावं लागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं, हे श्लोकातच म्हटलेलं आहे. अधिष्ठान म्हणजे देह आणि करण म्हणजे इंद्रियं, असा अर्थ भाष्यकार करतात. कारागिराचं हत्यार त्याच्या हातापुढे वाढलेलं असतं, तेव्हा करणात मशीन आणि तिची वायरही धरायला हरकत नसावी. आता कारखान्यातल्या अपघाताकडे या क्रमाने पाहू. घामाने भिजलेला, अनवाणी देह. मशीन चालवणारा, बहुधा काम शिकत असलेला मुलगा. करवत, तिची मोटर, वायर, बोर्ड. मग त्याच्या हालचाली: लाईट गेली तेव्हा बटण बंद न करताच तो बाजूला झाला, आणि लाईट आली तेव्हा पातं आपोआप फिरू लागलं. या चार गोष्टींचा पुरता तपास झाल्यावर जे उरेल, त्याला दैव म्हणावं.

आणि हा तपास अवघड नाही, कारण वीज हिशेबाने वागते. दोन हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण १० अँपिअर करंट ओढते असं धरू. तिला ३० मीटर लांब आणि ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची, पंख्याला किंवा टेबललॅम्पला शोभेल अशी तांब्याची वायर लावली, तर जाण्यायेण्याच्या मिळून ६० मीटर तारेचा रोध दीड ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे पंधराएक व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि दीडशे वॉटची उष्णता त्या वायरीत तयार होते. चालू होण्याच्या क्षणी मोटर पाच-सहापट करंट मागते, तेव्हा ही घट आणखी वाढते. लाईनला आधीच दाब कमी असेल, तर तेवढंच लाकूड कापायला मोटर आणखी करंट ओढते, आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत चढते. त्यात वायरीचं भेंडोळं न सोडवता तसंच ठेवलेलं असलं, की उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. आतलं प्लास्टिक मऊ होतं, तारा एकमेकींना भिडतात, आणि खाली भुसा असतोच. त्याच अंतरासाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर पाच व्होल्टही वाया जात नाहीत. यातला एकही आकडा कुणाच्या पत्रिकेतला नाही.

वायर जळणं आणि माणूस मरणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे चांगले जाणते मिस्त्रीही फसतात. फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली, असं त्यांना वाटतं. १६ अँपिअरचा एमसीबी वायरीसाठी असतो, माणसासाठी नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून पाव अँपिअरहूनही कमी करंट जातो. हृदयाचा ठोका बिघडवायला तेवढा पुरतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. मशीनच्या लोखंडी अंगात करंट उतरला, तर त्याला जमिनीत नेणारी वाट म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर. थ्री-पिन टॉपमधली वरची जाड, लांब पिन तिचीच. दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून ती पिन मोडून टाकतात, तेव्हा दैवाने काही केलेलं नसतं. पक्कडीने केलेलं असतं.

इथे गीता जाणणारा कुणी हटकेल. तो श्लोक कर्तेपणाचा अहंकार घालवण्यासाठी आहे, असं तो म्हणेल; सोळाव्या श्लोकात केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला दुर्मती म्हटलं आहे, आणि तुम्ही तर माणसाच्या हाती सगळा कारभार देताय. आक्षेप वजनदार आहे. पण ‘मी एकटा कारण नाही’ यातून ‘दैव एकटं कारण आहे’ हे निघत नाही. अहंकार सोडायचा म्हणजे चार कारणं पुसून टाकायची असं नाही. उलट आपण चुकू शकतो हे ज्याला खरोखर पटलं, तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतो. गेलेला आणि परतलेला करंट यांत तेवढा फरक पडताच तो सेकंदाच्या अंशात लाईन तोडतो. लाईन आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले, तर तोही वाचवू शकत नाही. पाचव्या कारणाची जागा अशा ठिकाणी आहे, आणि ती मी नाकारत नाही. खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी पुसून, हळदकुंकू वाहून ज्या श्रद्धेने मांडतात, ती श्रद्धाही मला मोलाची वाटते. त्या मांडणीत वायरही ठेवावी, तिचं टॉप उघडून स्क्रू आवळावेत, जोड कापून टाकावेत. पूजेत याने काही उणं होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो खराच आहे. जाड वायर महाग पडते. पण मशीन बोर्डाजवळ सरकवणं, भेंडोळं पूर्ण सोडवणं, लाईट जाताच टॉप उपसणं याला पैसे लागत नाहीत. आणि जिथे लागतात, तिथे कर्मसिद्धान्ताचीच खरी परीक्षा होते. ज्याचं कर्म त्याला फळ, असं आपण मानतो. इथे काटकसर मालकाची असते आणि जीव पोराचा जातो. पोराचं पूर्वसंचित म्हणून ते सोडून दिलं, तर मेलेलाच दोषी ठरतो आणि मालक सुटतो. खून झालेल्याच्या संचिताचा दाखला देऊन आपण खुन्याला मोकळं सोडत नाही. मग पिन मोडणाऱ्याला का सोडावं? विजेच्या अपघाताची खबर देणं आणि त्याची चौकशी होणं याची तरतूद २००३ च्या विद्युत अधिनियमातल्या कलम १६१ मध्ये आहे. वायर किती जाडीची होती, कुणी आणली, अर्थिंग होतं का, हे तिथे विचारलं जातं. हेच प्रश्न दहाव्याला जमलेल्या वडीलधाऱ्यांनी, कीर्तनकारांनी मालकाला सगळ्यांसमोर विचारावेत, असं मला कळकळीनं वाटतं. त्यांचा तो अधिकार आहे, आणि दुसरा पोरगा तोवर त्याच मशीनवर उभा राहिलेला असतो.