फळाचा धनी

“सर, याचा उपयोग काय?” हा प्रश्न वर्गात वर्षातून एकदा तरी येतोच. कधी बीजगणिताच्या तासाला, कधी संस्कृतच्या शब्दरूपांपाशी. मी दरसाल काहीतरी गुळगुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेतो आणि मुलेही मोठ्या मनाने मला सोडून देतात. यंदा मात्र एका परक्या माणसाची हकीकत वाचताना तोच प्रश्न उलटून माझ्याच अंगावर आला.

आन्तोनिन होली हे त्याचे नाव. 1936 साली प्रागमध्ये जन्मला आणि तिथल्याच सेंद्रिय रसायन व जीवरसायन संस्थेत सारी हयात घालवली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. त्याच्या रसायनशास्त्रात माझी गती ती किती! तरी समजले तेवढे सांगतो.

विषाणू आपल्या पेशीत घुसतो आणि आपल्याच सामानाने स्वतःच्या नकला काढतो. मणी ओवून माळ करावी तसे हे काम चालते. होली खोटे मणी घडवी. असा मणी माळेत शिरतो खरा, पण पुढचा मणी अडकवायला त्याला आकडाच नसतो. माळ तिथेच खुंटते. अडचण अशी, की ओवण्याआधी पेशीने मण्याला फॉस्फेटचे तीन तुकडे जोडावे लागतात आणि पहिलाच तुकडा जोडताना पुष्कळदा काम अडते. तो आधीच जोडून दिला, तर शरीरातील विकरे कात्रीसारखा कापून टाकतात. होलीने फॉस्फरस ऑक्सिजनऐवजी कार्बनला जोडला. त्या सांध्यावर कात्री चालेना! साऱ्या कर्तबगारीचे मर्म या एका सांध्यात आहे. तो जमेपर्यंत वर्षे गेली.

1976 साली जर्मनीतील ग्योटिंगेनच्या एका परिषदेत त्याची गाठ बेल्जियमच्या एरिक द क्लेर्कशी पडली. युरोप तेव्हा दुभंगलेला होता. तरी पदार्थ प्रागला तयार व्हावेत आणि विषाणूंवर त्यांची परीक्षा लूव्हेनला व्हावी, असा दोघांचा रिवाज पडला. 1986 साली दोघांनी या नव्या जातीच्या पदार्थांची वार्ता जगाला दिली. 1993 साली टेनोफोव्हिरचा गुण प्रसिद्ध झाला. आज एड्सच्या विषाणूची बाधा झालेले लाखो लोक रोज जी गोळी घेतात, तिच्यात बहुधा ते असते.

आता सनावळी पाहा. एड्सची पहिली नोंद 1981 ची. ग्योटिंगेनला हे दोघे भेटले तेव्हा त्या रोगाला नावही नव्हते. मग ज्या रोग्याला होलीने मनातही पाहिले नव्हते, त्याचे प्राण वाचल्याचे पुण्य होलीच्या पदरात कसे टाकायचे?

आपल्याकडे याचे उत्तर तयार असते. फळाची आशा न धरता कर्म करावे, होलीने केले. मलाही आधी हेच वाटले. पण फळाची आशा सोडणे वेगळे आणि फळ वाऱ्यावर सोडणे वेगळे. पदार्थ बाटलीत भरून, चिठ्ठी डकवून फळीवर ठेवला असता तरी तो निष्काम कर्मयोगीच ठरला असता. रोग्याला त्याचा काय उपयोग? विषाणूंची परीक्षा हे आपले काम नव्हे हे ओळखून त्याने नमुना परक्या देशातल्या जाणत्या माणसाच्या हाती दिला. मी पुण्य लिहायला बसलो, तर ते या देण्यापाशी लिहीन.

आणि फळाला आणखीही धनी असतात. टेनोफोव्हिर पोटातून नीट शोषले जात नाही. ते जाईल असे रूप अमेरिकेतल्या गिलियड कंपनीने त्याला दिले, रोग्यांवर चाचण्या केल्या, आणि 2001 साली तिथे गोळी मान्य झाली. कंपनीचा खर्च खोटा नव्हता. पण आफ्रिकेतल्या गरिबाने अमेरिकेच्या बाजारभावाने ती घ्यायची कशी? 2006 साली कंपनीने भारतीय कारखान्यांना परवाने दिले. मुंबईची सिप्ला आणि काही रुग्णहितवादी संस्था मात्र पेटंटलाच हरकत घेऊन बसल्या होत्या आणि 2009 साली भारताच्या पेटंट कार्यालयाने ते अर्ज फेटाळले. ज्याने काहीच शोधले नाही, नुसता रोग भोगला, त्याचाही फळावर हक्क असतो काय? मला वाटते, असतो. कदाचित सर्वांत आधी. अर्थात कारखाना मला चालवायचा नाही, म्हणून हे म्हणणे सोपे जाते.

16 जुलै 2012 रोजी होली प्रागला वारला. त्याच दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेनोफोव्हिर असलेली एक गोळी रोग नसलेल्यांनाही, तो होऊ नये म्हणून, द्यायला मान्यता दिली.

ही सारी हकीकत मी वर्गात सांगितली; तास बरा रंगला. उपयोगाच्या प्रश्नाला यंदा मी चांगले उत्तर दिले अशा समाधानात फळा पुसत होतो, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“सर, पण तो रोग आलाच नसता तर?”

मी डस्टर हातात धरून उभा राहिलो. “उद्या बोलू,” म्हणालो. ती रोज वर्गात येते, आणि मी अजून बोललेलो नाही.