करोडगिरी उठवणाऱ्यांतला एक बॅरिस्टर

अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश. आज सिल्लोडहून जळगावकडे कापूस नेणाऱ्याला वाटेत जिल्ह्याची पाटी तेवढी दिसते. 1948 पर्यंत मात्र घाटावर निजामाचे राज्य आणि खाली मुंबई इलाखा होता. रुपयेही दोन. वर चारमिनार छापलेला हाली, खाली कलदार. 600 कलदारांच्या बदल्यात 700 हाली मोजावे लागत. त्यावर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, वेगळीच.

हा पसारा आवरणे 1948 च्या पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे संस्थान भारतात आल्यानंतरच्या, मंत्र्यांच्या गळ्यात पडले. त्यांत एक मराठी बॅरिस्टर होते, विनायकराव कोरटकर. त्यांनी आधी व्यापार-उद्योग आणि नंतर अर्थखाते सांभाळले.

वडील केशवराव हैदराबादेतले नामांकित वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश. विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत त्यांचा मोठा हात. मुलाला मात्र त्यांनी हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात धाडले. विनायकरावांची ‘विद्यालंकार’ ही तिथलीच पदवी. तिथून विलायतेला बॅरिस्टरी, आणि परतल्यावर उर्दूत कामकाज चालणाऱ्या कोर्टात वकिली. संध्या करणारा, हवन करणारा हा माणूस मूर्तिपूजा आणि जन्मजात जातिभेद नाकारणाऱ्या आर्य समाजाचा पुढारी होता. अशाला सनातनी म्हणावे की सुधारक? दोन्ही बाजूंना तो पुरता पटला नसावा. पण काँग्रेसमधल्या डाव्या तरुणांशेजारी उभा केला तर परंपरेकडे झुकलेलाच.

निजाम सरकारविरुद्धच्या 1938-39 च्या आर्य सत्याग्रहाचे ते आठवे सर्वाधिकारी, म्हणजे पाळीपाळीने नेमलेले नेते, होते. त्यांची पाळी येईतो तडजोड झाली. पुढे निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धुमाकुळात वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला, तेव्हाही पुढे विनायकरावच. ज्या सरकारविरुद्ध उभा दावा मांडला, त्याच सरकारच्या तिजोरीच्या किल्ल्या हाती येणे ही गंमत वकिलालाच कळावी.

तिजोरीची अवस्थाही वकिली डोक्याला खाद्य पुरवणारी होती. 1 एप्रिल 1950 रोजी संस्थानचे अर्थकारण केंद्राशी जोडले गेले, निजामाची रेल्वे दिल्लीकडे गेली, आयकर गेला. करोडगिरी मात्र एका झटक्यात बंद करता येईना, कारण तिच्यावर राज्याचा संसार चालत होता. राज्यघटनेच्या 306 व्या कलमाने अशा राज्यांना मुदतीपुरती सवलत दिली. जकातीची जागा भरून काढायला 1950 साली सामान्य विक्रीकराचा कायदा आला. सिल्लोडच्या व्यापाऱ्याच्या हिशेबाने सांगायचे तर सरकार नाक्यावरून उठून दुकानाच्या चोपडीत येऊन बसले. नाक्यावर गाडी अडली की निदान दिसायची. चोपडीतला कर सवयीचा होऊन बसतो. 2017 च्या नोव्हेंबरात कच्च्या कापसावरचा जीएसटी शेतकऱ्याऐवजी जिनिंगवाल्याने भरायचा असे ठरले, तेव्हाही वाद याच जातीचा होता: कर कोण भरतो आणि शेवटी तो कोणाच्या भावातून वजा होतो.

दर वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिदिनी, मराठवाड्यात सत्याग्रहींची नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. अर्थखात्याच्या बैठकांना मात्र कुणी हार घालत नाही, त्यामुळे विनायकरावांचे हे निम्मे आयुष्य विस्मरणात गेले.

1 नोव्हेंबर 1956 ला ते राज्यच संपले. सिल्लोड मुंबई राज्यात आले, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेले. विनायकराव शहरातच राहिले आणि 1957 मध्ये तिथूनच लोकसभेवर निवडून गेले. 1962 साली ते वारले. ज्या मराठवाड्याचा हिशेब त्यांनी सांभाळला, तिथल्या मतदाराला त्यांच्याकडे त्याचा जाब मागायची संधी तेव्हा उरली नव्हती.