कापलेले छत आणि नागसेनाचा रथ

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथावरून पेचात पकडतो. चाके म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, जू नव्हे. हे सगळे सुटे भाग ढीग करून ठेवले तरी तो रथ नव्हे. म्हणून 'रथ' ही व्यवहारापुरती संज्ञा. मालवाहू व्हॅनच्या पोटात घर थाटणाऱ्यांची कामे पाहिली की हे निम्मे पटते. 1951 साली जर्मनीतल्या वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. तो आत ठेवला की झोपायची सोय, बाहेर काढला की पुन्हा मालाची गाडी. ब्रिटनमध्ये तर अटी पुऱ्या केल्यास नोंदणीतला प्रकार बदलून 'मोटर कॅरव्हॅन' होतो, चासी नंबर मात्र तोच. इथवर सगळा मामला नावाचाच आहे.

छताला करवत लागली की मात्र नागसेनाची बाजू लंगडी पडते. स्प्रिंटर किंवा डुकाटोसारख्या बंद व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, खांब, छताच्या आडव्या पट्ट्या आणि पत्रा मिळून एक पेटी बनते, आणि पिळाला दाद न देणारा ताठपणा त्या पेटीचा असतो, एकट्या पट्टीचा किंवा पत्र्याचा नव्हे. उचलते छत बसवताना पट्ट्या कापल्या, तर हा ताठपणा टिकवायला भोकाभोवती मजबूत चौकट द्यावी लागते. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, ज्याला अवयवी म्हणतात, अवयवांत राहूनही त्यांच्याहून वेगळा आणि खरा, त्याची आठवण इथे होणारच.

बौद्ध पंडित विचारतील, की ताठपणा भागांच्या रचनेतून येतो, मग वेगळा अवयवी कशाला? मान्य, वेगळे द्रव्य मानायची गरज नाही. पण ढीग आणि रथ यांतला फरक नागसेनानेच दाखवला आहे, आणि तो फरक रचनेचा आहे, नावाचा नव्हे. (त्याचा खरा रोख आत्म्यावर होता, हेही खरे.) उलट नैयायिकांची अडचण अशी, की त्यांच्या मते एक अवयव गेला तरी जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो. म्हणजे एक स्क्रू काढला की नवी व्हॅन! हे मला पटत नाही. कपाटाचा स्क्रू आणि छताची पट्टी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 या वादात नकळत उतरले आहे. वाहनाचे मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला बदल, तोच 'फेरफार', अशी त्याची व्याख्या आहे. नागसेन आणि नैयायिक दोघांपेक्षाही ही व्याख्या मला अधिक नेमकी वाटते.