गोठ्यातला मोदक

भाद्रपदात चतुर्थीला शेजारच्या काकू केळीच्या पानाने झाकलेलं ताट घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. आजी पदराला हात पुसून ते दोन्ही हातांनी घ्यायची. पान उचललं की खाली पाच मोदक, वर तूप सोडलेलं, अजून कोमट. काकूंची पाठ वळली की आजी ते फळीवर उंच ठेवायची आणि संध्याकाळी धार काढायच्या वेळी गाईपुढे करायची. एकदा मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाली, "बाळा, ते त्यांच्या देवापुढचं आहे. आपल्याला चालत नाही. पण टाकायचंही नाही, उकिरड्यावर तर मुळीच नाही."

वसईतल्या त्या ओट्यावर १९६०च्या दशकात ऐकलेली ही वाक्यं मी आजवर मनात घोळवत आलो आहे. चालत नाही, पण टाकायचं नाही. माझ्या ख्रिस्ती धर्माने इतरांच्या श्रद्धेकडे कसं पाहिलं याचा निम्माशिम्मा इतिहास मला त्यात दिसतो.

"चालत नाही" हे प्रेषित पौलाइतकं जुनं. करिंथच्या मंडळीने त्याला विचारलं होतं की मूर्तीपुढे वाहिलेलं मांस खावं का. त्याचं उत्तर वाटतं तितकं कडक नाही. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा अन्नाने काही बिघडत नाही. पण तुझ्या खाण्याने एखाद्या कच्च्या मनाच्या भावाला ठेच लागणार असेल तर खाऊ नकोस. सगळा भर दुसऱ्याच्या मनाला जपण्यावर होता. पुढच्या शतकांनी नेमकं तेवढंच गाळलं आणि मनाई तेवढी ठेवली. तिसऱ्या शतकात बिशप सिप्रियनने ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही असं म्हटलं ते फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटांना उद्देशून. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने तोच विचार जगातल्या तमाम अख्रिस्ती माणसांना लावला.

त्या विचाराच्या हाती सत्ता आली तेव्हा काय झालं, ते गोव्याने भोगलं. १५६७ साली पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली. त्या काळात कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा असे देव घेऊन माणसं जुवारी नदी ओलांडून पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालात गेली. ज्यांना ख्रिस्ताचं नाव प्रिय आहे त्यांनी हे वाचताना मान खाली घातली पाहिजे. मी घालतो.

याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहिला. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि १६१६ साली राचोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं: मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? या प्रश्नातली भूक मला आजही अस्वस्थ करते. घरातला दिवा विझवल्यावर माणूस अंधारात कसा बसेल? स्टीफन्सला ती भूक कळली. पण पुराणं हिरावणं चूक होतं, असं तो कुठेही म्हणत नाही. त्याने भाषेला मान दिला, त्या भाषेतल्या श्रद्धेला नाही. तरी भाषा कधी एकटी येत नाही. त्याच्या ख्रिस्ती स्वर्गाचं नाव वैकुंठ आहे, आणि तो शब्द आपलं सगळं गणगोत घेऊनच त्या ग्रंथात शिरला.

एकोणिसाव्या शतकात सत्तेच्या जागी वाद आला. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला, पुढे समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांना उत्तरं देत उभे राहिले. दोन्ही बाजू एकमेकांचे ग्रंथ वाचत होत्या, पण चुका शोधण्यासाठी. तरी हातात तलवार नव्हती आणि समोरच्याला उत्तर देण्याची मुभा होती, हे मी मोठं पाऊल मानतो.

वळण आणलं ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. या सांगण्यात केवढं धाडस होतं! ज्या पुलावरून आलो तो मागे वळून जाळायचा, हीच तोवरची रीत होती. टिळक आयुष्यभर त्या पुलाला वंदन करत राहिले, अभंग लिहीत राहिले, कीर्तनं करत राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आधी त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग जवळ आल्यावरही आपलं सोवळं सांभाळून होत्या. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. १९१७ साली टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्तावरची त्यांची निष्ठा यामुळे तसूभरही ढळली नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करायचा तर आपली पातळ करावी लागते, असं मानणाऱ्यांनी टिळक वाचावेत.

कॅथलिक ख्रिस्तसभा तिथवर पोचायला आणखी अर्धं शतक गेलं. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचं निवेदन २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केलं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा त्याचा आशय. ख्रिस्ताची घोषणा करत राहण्याचं कर्तव्यही त्यातच सांगितलं आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्र धरणं अवघड आहे, पण त्यातलं कुठलंही सोडायला मी तयार नाही. सगळे धर्म सारखेच, असं म्हणून मी हात झटकले तर काकूंच्या उपासाचाही अपमान होतो आणि आजीच्या रोझरीचाही.

त्या निवेदनात प्रसादाचा उल्लेख नाही. मी पहिला मोदक खाल्ला तेव्हा आजी जाऊन काही वर्षं झाली होती, आणि घास तोंडात घेताना मला तिचीच आठवण आली.

गेल्या गणपतीत काकूंकडे गेलो होतो. त्यांना आता नीट दिसत नाही. न राहवून मी त्यांना गाईची गोष्ट सांगितली. काकू म्हणाल्या, "अरे, मला ठाऊक होतं. आणि तुमच्या नाताळच्या नेवऱ्या तरी आमच्या सासूबाई कुठे घरात येऊ द्यायच्या? ताट पडवीतच राहायचं. मग मी आणि मुलं तिथेच बसून खायचो."