फलकावर काय लिहायचे?

मुंबई उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती कोर्टाबाहेर एक संगमरवरी फलक आहे. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने दोषी ठरवल्यानंतर लोकमान्य टिळक जे बोलले, ते त्यावर कोरलेले आहे. टिळकांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९५६ साली, मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याचे अनावरण केले आणि त्या वेळी प्रायश्चित्ताची भाषा वापरली. न्यायालयाने आपल्याच निकालाविरुद्ध आरोपीचे म्हणणे आपल्याच भिंतीवर कोरावे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपला इतिहास लोकांपुढे मांडू पाहणाऱ्या न्यायसंस्थेने सुरुवात इथूनच करावी.

मात्र इथे थांबू नये. १९५६पर्यंत शिक्षा देणारे सरकार गेले होते आणि टिळकांबद्दल दुमत उरले नव्हते. शिवाय त्या फलकात सगळी हकीकत मावलेली नाही. सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर यांनीच १८९७च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता आणि जामीन मिळालाही होता. १९०८च्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. ते दोघे टिळकांना निर्दोष मानत होते. एकच माणूस वकिलाच्या बाकावरून न्यायासनावर गेल्यावर त्याच्या हातून काय घडते, हे त्या दालनात उभे राहून सांगण्यासारखे आहे. तेही दावरांना खलनायक न करता.

आता त्याच न्यायालयातला दुसरा खटला घ्या. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्याचा दावा फेटाळला. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७मध्ये आदेश निघाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग भोगा. तुरुंग पत्करेन, पण जाणार नाही, यावर रखमाबाई ठाम राहिल्या. १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेत त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले.

त्यांच्यासाठी फलक लावायचा तर मजकूर काय असेल? न्यायालय आधी त्यांच्या बाजूने होते, मग विरुद्ध गेले. ज्या टिळकांचे शब्द भिंतीवर आहेत, ते स्वतः या वादात रखमाबाईंच्या विरोधात होते. हे सारे एकाच इमारतीत, एकाच पाहुण्याला सांगायचे आहे. म्हणूनच न्यायालयाचा इतिहास मांडण्याचा असा उपक्रम सांभाळणारा माणूस न्यायालयाच्या पगारावर असला, तरी त्याची लेखणी न्यायालयाच्या मर्जीवर चालता कामा नये. माझ्या लेखी ही पहिली अट. निकाल चुकला असे इतिहासकाराला लिहिता येत नसेल, तर तो कार्यक्रमपत्रिकाच छापत बसेल.

दुसरी अट आहे नजरेची. न्यायालयाचा इतिहास म्हटले की न्यायमूर्तींची तैलचित्रे, १८७८मध्ये पुरी झालेली ती गॉथिक इमारत, विग, झगे असे समोर येते. २०१५ पासून उच्च न्यायालयाला स्वतःचे संग्रहालय आहे, ते चांगलेच झाले. पण कोर्टाची पायरी बहुतेकांना माहीत असते ती तालुक्याच्या गावातली.

महाडचेच पाहा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. खाली, मग अपिलात, मग उच्च न्यायालयात असा तो दावा चालत राहिला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्या खंडपीठाने तो कायमचा निकाली काढला. दहा वर्षे सरली होती. हेच ब्रूमफील्ड १९२२मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश.

निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो कशावर? तळे नगरपालिकेचे होते, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करणारी रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, यावर. माणूस म्हणून सर्वांना पाण्यावर हक्क आहे, या पायावर तो निकाल उभा नव्हता. विजयाच्या फलकावर हेही लिहावे लागेल. ऐकणाऱ्याला ते बोचेल, पण त्याशिवाय पुढे संविधानातल्या सतराव्या अनुच्छेदाची गरज का पडली, हे त्याला उमगणार नाही.

छापील निकाल वकिलांच्या ग्रंथालयात मिळतो. माझी काळजी वेगळी आहे. अर्ज, रोजनामे, साक्षीदारांचे जबाब, अंगठ्यांचे ठसे हे जिल्ह्या-तालुक्याच्या दप्तरखान्यांत लाल फडक्यात बांधून पडलेले असते. ठरावीक वर्षांनंतर बराचसा कागद नियमानेच नष्ट करता येतो. जागा अपुरी असते, पाऊस आणि वाळवीही थांबत नाहीत. म्हणून उपक्रमाच्या प्रमुखाने पहिले वर्ष प्रदर्शनावर घालवू नये. त्याने रेकॉर्ड कीपरांबरोबर बसावे. कोणते गाठोडे नष्ट करायच्या यादीत आहे ते विचारावे, निवृत्त शिरस्तेदार आणि बेलिफ यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि दर यादीवर सही होण्याआधी एकदा गाठोडी सोडून पाहण्याचा अधिकार लेखी मागून घ्यावा.