गोट, बाडा आणि नगरीय निकाय

ग्वाल्हेरमधील एखादे राज्यस्तरीय कार्यालय भोपाळला हलवण्याची नुसती चर्चा निघाली, तरी ‘ग्वाल्हेरची अस्मिता’ आणि ‘सत्तेचे विकेंद्रीकरण’ हे शब्द एका दमात उच्चारले जातात. कार्यालय कोणत्या गावी आहे, यावरून त्या गावाच्या हाती किती सत्ता आहे हे ठरवण्याची ही सवय घातक आहे. कारण तिच्यापायी गटार, दिवाबत्ती, बाजार यांविषयीचा निर्णय वस्तीतल्या माणसांना घेता येतो की नाही, हा विकेंद्रीकरणाचा मूळ प्रश्न विचारायचाच राहून जातो.

रिपनचा १८८२ चा ठराव, पुणे नगरपालिकेतील गोखले, गांधींचे ग्रामस्वराज्य, त्यावर संविधान सभेत आंबेडकरांनी घेतलेला आक्षेप आणि १९५७ ची बलवंतराय मेहता समिती हा विकेंद्रीकरणाच्या विचाराचा प्रवास वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नगरपालिकांसारख्या संस्थांसाठी मराठीने ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द रूढ केला, तर मध्य प्रदेशच्या सरकारी हिंदीत ‘नगरीय निकाय’ हा शब्द स्थिरावला. निकाय म्हणजे केवळ संस्था किंवा समूह, आणि त्या शब्दात स्वराज्याचा मागमूस नाही.

ज्या ग्वाल्हेरला आज एक शहर म्हटले जाते, ते मुळात तीन वस्त्यांचे आहे: किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ स्थिरावला तेव्हापासूनचे लष्कर, आणि इंग्रजांची छावणी असलेले व १८८६ मध्ये किल्ल्याबरोबर शिंद्यांना परत मिळालेले मुरार. लष्करातील मोहल्ल्यांची नावे आजही त्या तळाची मांडणी सांगतात. ‘निंबालकर की गोठ’ यातील गोठ म्हणजे मराठीतला ‘गोट’, सरदाराच्या पथकाचा मुक्काम. जिनसी म्हणजे तोफखान्याचा विभाग. खासगी बाजारातील ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. ही नावे मराठी माणसाला जिव्हाळ्याची वाटावीत, आणि ती जपलीही पाहिजेत. पण कोणाचे पथक कोठे उतरावे हे दरबाराने ठरवले होते, रहिवाशांनी नव्हे, हेही त्यांतूनच दिसते.

सर्वत्र चुकीचे वाचले जाते ते १९४८ ते १९५६ मधील स्थित्यंतर. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला, जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर व उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानीची वाटणी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, महसूल मंडळ, परिवहन व अबकारी आयुक्तांची कार्यालये आली. ही कथा नेहमी हिरावलेल्या सत्तेची आणि तिच्या भरपाईची म्हणून सांगितली जाते. वास्तविक राजधानी होती तेव्हा सत्ता दरबाराची आणि पुढे मंत्रिमंडळाची होती. मुरारच्या दुकानदाराला किंवा हजिरा भागातल्या गिरणी कामगाराला ती कधी मिळालीच नव्हती. भरपाईतही सत्ता नव्हती. महसूल मंडळ साऱ्या राज्याची अपिले ऐकते. ते ग्वाल्हेरला बसते म्हणून ग्वाल्हेरकराचा प्रवासखर्च वाचतो, अधिकार वाढत नाही. यालाच प्रशासनाची विभागणी म्हणतात, ज्यात अधिकार वरच्याच हाती राहतो आणि फक्त बसण्याची जागा बदलते.

या भरपाईच्या राजकारणाचा परिणाम मात्र खोल झाला. भोपाळपुढे मागणी मांडायची तर शहराने एका आवाजात बोलणे सोयीचे होते, आणि लष्कर, मुरार, हजिरा यांच्या वेगवेगळ्या गरजा त्या एका आवाजात बुडाल्या. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ वस्ती असा न राहता राजधानीशी तंडणारे शहर असा झाला, आणि हाच खरा बदल आहे.

म्हणून १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या, नगरपालिकांविषयीच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा लाभ येथे पुरता झाला नाही. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे ती सांगते, पण त्यांची रचना राज्याच्या कायद्यावर सोपवते आणि अनेक प्रभागांची मिळून एकच समिती करण्याची मुभा देते. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत ग्वाल्हेरची निवड झाली, तेव्हा कामे महापालिकेच्या सभागृहाऐवजी एका कंपनीकडे गेली, आणि महाराज बाड्याभोवतीच्या, म्हणजे मूळच्या वाड्याच्या चौकातील, इमारतींची डागडुजी हे अस्मितेचे दृश्य रूप ठरले. ती डागडुजी गरजेची होती. परंतु २०२० ते जुलै २०२२ या काळात शहराला निवडून आलेली महापालिकाच नव्हती, कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि कार्यालय हलवण्याच्या चर्चेने पेटून उठणारी अस्मिता त्या काळात फारशी जागी झाली नाही. कंपनीचे काम चालूच होते. निंबाळकरांच्या गोटातल्या रहिवाशाला मात्र गल्लीतला दिवा बंद असल्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवक नव्हता.